हंगामाच्या तोंडावर चौलची खाडी

वर्षाची सुरुवात पाडव्याला होते की दिवाळीला, यावर वाद घालणारे घालोत बापडे. कोळीवाड्यात वर्ष सुरू होतं नारळी पौर्णिमेला. त्याआधीचे दोन-अडीच महिने होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर झापांचं नाहीतर निळ्या प्लास्टिकचं आच्छादन, आणि ओसरीवर फाटकी जाळी सांधत बसलेली माणसं. समुद्राचं दार लावलेलं असतं म्हणा ना! हल्ली हे दार सरकारी नियमानं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असतं आणि १ ऑगस्टला मोठे ट्रॉलर बाहेर पडतात. पण लहान होडीवाला अजूनही नारळ सोडल्याशिवाय मनापासून निघत नाही. मुंबईहून मांडव्याला जायचं तर रो-रो सोडल्यास गेट वेच्या लाँचसुद्धा मेअखेरीला थांबतात, त्या सप्टेंबर उजाडल्यावरच परत सुरू होतात.

हे दार उगाच लावलेलं नाही. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला जेमतेम महिना उरलेला असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यात वाटेत बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून तिची आठवण अजून निघते. मुंबईकरांसाठी पावसाळा म्हणजे लोकल बंद पडण्याचे चार-दोन दिवस. किनाऱ्यासाठी तो जवळजवळ पाव वर्षाचा पूर्णविराम आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुराण कशासाठी? तर गोष्ट अशी, की चौल नावाच्या गावाचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास मी आजवर तुकड्यातुकड्यांनी वाचत आलो. अमुक साली किल्ला बांधला, तमुक साली वेढा पडला, मग तह झाला. सगळं पाठ होतं, पण ते गाव नेमकं *तिथेच* का, हे काही केल्या उमगत नव्हतं. ते उमगलं भाद्रपद सरत आलेला असताना, थळहून रेवदंड्यापर्यंत एका मासेमारी होडीतून रमतगमत गेलो तेव्हा. आणि त्याबरोबर हेही लक्षात आलं, की या बंदराच्या इतिहासात राजांपेक्षा मोठं पात्र दुसरंच आहे. ते पात्र म्हणजे हंगाम.

थळ ते रेवदंडा रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटर. एस्टीनं अलिबागला बस बदलून तासाभरात पोचता येतं. होडीला आम्हाला तीन तासांच्या वर लागले. नाखवा साठीचे, त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा, आणि आम्ही तिघं मित्र. मित्राच्या ओळखीतून ठरलेली ही फेरी. आमच्यातल्या एकानं "काका, किती वेळ लागेल?" असं दोनदा विचारल्यावर नाखवांनी शांतपणे सांगितलं, "घाई असली तर एस्टी हाय की." त्यानंतर कोणी घड्याळ पाहिलं नाही.

सकाळी साडेसहाला निघालो, कारण त्या वेळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. शाळेच्या भूगोलात 'खारे वारे आणि मतलई वारे' असा धडा होता, आठवतोय? परीक्षेत मी कायम त्यांची अदलाबदल करायचो! रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी उबदार राहतं, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून सुटतो. तो मतलई. दुपारी उलट. शिडाच्या काळात सगळी किनारी वाहतूक या दोन वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालायची. सकाळी मतलईवर बाहेर पडायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर बंदराला लागायचं. आता इंजिन आहे, तरी निघायची वेळ तीच राहिलीय.

मागे खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं हळूहळू लहान होत गेली. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचं काम सुरू केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोपच उडाली, कारण मुंबईच्या तोंडावरच हा पहारा बसत होता. त्यावर उतारा म्हणून लगेच सिद्दीनं शेजारच्या उंदेरीचा ताबा घेतला. नकाशात ही दोन बेटं वेगळी दिसतात. पाण्यावरून पाहिलं तर एका बेटावरून ओरडलं तर दुसऱ्यावर ऐकू जाईल की काय, असं वाटतं. इतक्या जवळ बसून ते एकमेकांवर तोफा डागत होते!

थळच्या उत्तरेला नवगाव. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज इथेच गलबत फुटून किनाऱ्याला लागले, आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून पुढे हा समाज वाढला. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावं घेतली गावांची : किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरात बोलायला मराठी. नाखवांना मी हे सांगायला गेलो तर त्यांनी मान हलवली, "ठाव हाय." किनाऱ्यावर समुद्र कोणाला आणून सोडेल याचं आश्चर्य त्यांना वाटत नसावं.

पाण्याचा रंग अजून पावसाळी होता. निळा नाही, हिरवाही नाही. गढूळ चहासारखा, खाड्यांतून आलेल्या मातीचा. वारा नव्हता तरी खालून एक लांबलचक सावकाश डोल येत होता. जानेवारीत हाच समुद्र तळ्यासारखा असतो. हंगामाच्या सुरुवातीला तो नुकताच शांत झालेला असतो, पण अजून विसरलेला नसतो. स्टोव्हवर चहा झाला, तो निम्मा कपात आणि निम्मा आमच्या पँटवर.

अलिबागचा कुलाबा किल्ला डावीकडून सरकला. ओहोटीला लोक चालत जातात तोच हा. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत काम सुरू झालं, संभाजीराजांच्या काळात पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं मुख्य ठाणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून त्यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. मग आक्षी. इथल्या शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा सांगितला जातो आणि त्यामुळे मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेखांत त्याचं नाव घेतात. मग नागाव. आणि मग सलग हिरवी रेघ. नारळ, सुपारी, नारळ, सुपारी.

रस्त्यानं गेलात तर चौल दिसतच नाही. अलिबागहून निघालं की नागावच्या वाड्या, मग चौलच्या वाड्या, मग रेवदंडा. एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं कळत नाही. रामेश्वराचं देऊळ, पुष्करणी, टेकडीवरचा दत्त असं सगळं छान, सावलीतलं, निवांत. "इथे म्हणे मोठं बंदर होतं" असं कोणी म्हटलं की आपण मान डोलावतो आणि शहाळं घेतो.

पाण्यावरून चित्र एकदम वेगळं. तास-दीड तास किनारा सरळसोट, उघडा. वाळू आणि सुरू. आडोसा म्हणून कुठे नाही. आणि मग अचानक समोर दक्षिणेकडून एक उंच डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं दिसतं. तो कोर्लई. त्याच्या अलीकडे सखल रेवदंडा, माडांच्या वर डोकं काढून उभा असलेला एक पडका मनोरा. या दोघांच्या मध्ये कुंडलिका खाडीचं तोंड. उघड्या किनाऱ्यावरून दिवसभर आलेल्या माणसाला हे दृश्य म्हणजे उघडं दार. डोंगर नैऋत्येचा मारा अडवतो, खाडी आत रोह्यापर्यंत नेते, आणि तिथून पुढे सह्याद्रीचे घाट चढले की देश. 'तिथेच का' याचं उत्तर इतकं सोपं होतं, पण ते जमिनीवर उभं राहून दिसत नाही.

आता हंगामाकडे येतो. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या कोणा निनावी व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं मार्गदर्शक लिहिलं. त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत कल्याणनंतर 'सेमुल्ला' येतं. ते म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत 'चेमुल' असं नाव येतं. त्याच पेरिप्लसमध्ये हेही दिलंय, की हिंदुस्थानात यायचं तर इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावं. का? कारण तांबड्या समुद्रातून बाहेर पडेपर्यंत ऑगस्ट येतो, नैऋत्य मोसमी वाऱ्याचा कडाका कमी होऊ लागलेला असतो, पण तो अजून पाठीशी असतो. त्याच्या शेपटाला धरून महिन्याभरात समुद्र ओलांडायचा, आणि आपल्या किनाऱ्याला लागायचं सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे इथलं दार उघडत असताना! आधी आलात तर वादळी लाटांत बंदराचं तोंड गाठणं अशक्य. उशीर केलात तर वारा पडतो आणि मग तो उलटाच फिरतो. माल विकून, नवा माल भरून, पुढे थंडीतल्या ईशान्य वाऱ्यावर परत.

म्हणजे आम्ही ज्या दिवसांत त्या खाडीच्या तोंडाशी होतो, ते दिवस शतकानुशतकं या गावाचे सगळ्यात गजबजलेले दिवस. क्षितिजावर पहिलं शीड दिसायचं ते याच दिवसांत. जकातदार, हमाल, सावकार, दुभाषे, वखारींतून बाहेर निघणारे कापडाचे गठ्ठे... आणि त्याआधीचे चार महिने सगळं सुनं. वर्षातून एकदा जत्रा भरावी तसं हे शहर भरत आणि रिकामं होत असणार. इतिहासाच्या पुस्तकात 'चौल हे भरभराटीचं बंदर होतं' असं एक वाक्य असतं. त्यातलं 'होतं' हे बारमाही नव्हतं, हे कोणी सांगत नाही.

पण सगळेच परत जात नसत. बगदादचा प्रवासी अल् मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास इथे आला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. राज्य शिलाहार झंझ राजाचं. मसूदी लिहितो, की इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला होता. विचार करा, एका हंगामाला आलेला माणूस, परतीचा वारा चुकला म्हणून एक पावसाळा राहिला, मग घर केलं, मग मुलं झाली. किनाऱ्यावरच्या कितीतरी समाजांची सुरुवात अशी एखाद्या चुकलेल्या वाऱ्यात झाली असेल!

हंगामात अडकलेल्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे रशियाच्या त्वेर गावचा अफानासी निकितिन. वास्को द गामाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी तो आला. साल १४६९ असं परंपरेनं सांगतात, काही अभ्यासक १४७१ म्हणतात. होर्मुझहून एक घोडा घेऊन हा गडी जहाजात बसला, कारण दख्खनेत घोड्याला भाव आहे असं त्यानं ऐकलं होतं. चौलला उतरला आणि गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे लागले, असं तोच लिहितो. पण तो आला होता पावसाच्या तोंडावर. पालीमार्गे घाट चढून जुन्नरला पोचला आणि तिथे आभाळ फाटलं. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, अशी त्याची नोंद आहे. गंमत म्हणजे तो या दिवसांना 'हिवाळा' म्हणतो! रशियन माणसाला वर्षातला अडकून पडण्याचा काळ म्हणजे हिवाळाच ना. तिथेच जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल नाहीतर घोडा विसर असं बजावलं, आणि एका खोरासानी सरदाराच्या मध्यस्थीनं तो कसाबसा परत मिळाला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितिनचा स्मारकस्तंभ आहे. तो बघायला थोडेच लोक जातात.

खाडीच्या तोंडाशी येताना नाखवांनी इंजिन एकदम मंद केलं. पाणी चढतं होतं. भाचा पुढे जाऊन बसला. नाखवांची नजर पाण्यावर नव्हतीच, ती दूर जमिनीवर होती. एक खूण दुसऱ्या खुणेच्या मागे आली की वळायचं, मग तिसरी खूण माडांतून बाहेर आली की सरळ, असा तो सगळा हिशेब. मधे वाळूचा पट्टा आहे, तो दर पावसाळ्यात थोडा सरकतो. "पयल्या फेरीला बघून यावं लागतं," ते म्हणाले. म्हणजे दर हंगामाच्या सुरुवातीला ही खाडी नव्यानं शिकावी लागते. रेवदंडा या नावातला 'रेव' म्हणजे वाळू आणि 'दांडा' म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची पट्टी असं मला त्या क्षणी वाटलं. व्युत्पत्ती पंडितांनी ठरवावी, पण होडीत बसून ती पटते!

आत शिरताना पाण्यात जाळी बांधायला रोवलेले खुंट दिसले. साधे लाकडी खुंट. अशाच खुंटांनी एकदा इतिहास अडवला होता. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली इथे आलं, दीवचा मलिक अयाज त्याला येऊन मिळाला, आणि याच खाडीत पोर्तुगीजांशी त्यांची लढाई झाली. पोर्तुगीजांचा नायक होता लोरेन्सु द अल्मेडा, खुद्द व्हाइसरॉयचा मुलगा. माघार घेताना त्याचं जहाज प्रवाहाबरोबर वाहत जाऊन कोळ्यांच्या खुंटांत अडकलं. ते तिथून निघालंच नाही. पायाला गोळा लागल्यावर तो डोलकाठीशी बसून लढत राहिला आणि तिथेच मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. बापानं पुढच्याच वर्षी, १५०९ मध्ये, दीवला त्याचा सूड उगवला आणि त्या विजयानं समुद्राचं राज्य पोर्तुगीजांकडे गेलं. युरोप-आशियाच्या इतिहासातलं हे मोठं वळण. पण ते खुंट कोणी रोवले होते, त्यांचं त्या दिवशी किती नुकसान झालं, हे कुठल्याच बखरीत नाही.

त्यानंतर पोर्तुगीज निजामशहाच्या परवानगीनं खाडीच्या तोंडाशीच बसले. १५२१ नंतर किल्ला उभा राहिला. तो आजचा रेवदंडा. तेव्हापासून चौल दोन झाली. आतलं, वरचं चौल निजामशाहीचं, व्यापाऱ्यांचं आणि विणकरांचं. खालचं चौल पोर्तुगीजांचं. आतल्या चौलकडे बाजार होता, खालच्याकडे दार. बाहेर जाणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं मोठी फौज आणून वेढा घातला, त्याच वेळी आदिलशहानं गोव्याला घातला. दोन्ही वेढे फसले. मला आता वाटतं, त्याचं एक कारण तटाच्या भिंतींपेक्षा साधं असावं. ज्या गावाची एक बाजू समुद्राकडे उघडी आहे आणि समुद्र ज्याच्या ताब्यात आहे, त्याला जमिनीवरून उपाशी मारता येत नाही. मग निजामशाहीनं समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला, म्हणजे दारावरच बसायला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तोही घेतला.

धक्क्याला लागून आम्ही रेवदंड्यात उतरलो. तटाच्या आत आज नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत. मुरूडचा रस्ता तट फोडून मधूनच जातो. समुद्रावरून दिसलेला तो मनोरा 'सातखणी' म्हणून ओळखला जातो, चर्चचा घंटामनोरा तो. सातांपैकी चारच मजले राहिलेत. आत कोणाची तरी गुरं बांधलेली होती. पडक्या भिंतींवर वडाची मुळं. सुंदर आहे, नाही असं नाही.

हे बंदर मेलं कशानं? लढाईनं नाही. १७४० मध्ये तहानं ते मराठ्यांकडे आलं, तेव्हाच ते म्हातारं झालेलं होतं. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली आणि ज्या दख्खनी दरबारांसाठी इथे घोडे उतरायचे, रेशीम विणलं जायचं, ते गिऱ्हाईकच गेलं. उत्तरेचा व्यापार सुरतेनं ओढला. आणि मग पोर्तुगीजांनी १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांच्या राजाला देऊन टाकली. मुंबईच्या बंदराला वाळूचा पट्टा नाही, खाडी शिकावी लागत नाही, वाटेल तेवढं मोठं जहाज आत येतं. सतराव्या शतकातच इंग्रजांनी चौलचे विणकर नेऊन मुंबईत वसवले. आधी गिऱ्हाईक गेलं, मग कारागीर गेले, मग जहाजं. आणि जहाजं वाढत गेली तशी खाडी उथळ वाटू लागली. गाळ तर आधीही होता. फरक एवढाच पडला की तो ओलांडून येण्याची कोणाला गरज उरली नाही.

सगळंच संपलं असंही नाही. पलीकडे साळावला कारखान्याच्या धक्क्याला बार्जेस लागतात. आणि कोर्लईच्या पायथ्याच्या गावात एक अशी गोष्ट आहे जी ना तोफेनं गेली ना गाळानं. तिथल्या ख्रिस्ती वाडीत अजून पोर्तुगीजवरून घडलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. ते लोक तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारे असतील हजाराच्या आसपास. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटून गेली. ना शाळा, ना लिपी, ना राजाश्रय, तरी आजी नातवाशी त्या भाषेत बोलते. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही म्हणा. आपण रोज पाव, बटाटा, कोबी, साबण, चावी, बादली म्हणतो आणि महिन्याच्या शेवटी पगार मोजतो, ते सगळे शब्द त्याच जहाजांतून उतरलेले.

परतीला आम्ही एस्टी धरली, नाखवा भरती असेतो थांबून मग निघणार होते. त्याआधी धक्क्यावर बसून गप्पा झाल्या. भाच्याला विचारलं, पुढे होडी तूच चालवणार का? तो हसला. नोव्हेंबरपासून नागावला एका रिसॉर्टवर तो कामाला असतो. "सीझनला तिकडे पैसे बरे सुटतात." त्याचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि ३१ डिसेंबरला शिगेला पोचतो. मामाचा हंगाम त्याच्या आधी दोन महिने सुरू झालेला असतो. एकाच घरात, एकाच किनाऱ्यावर, हंगाम या शब्दाचे दोन अर्थ झालेत. मला त्या मुलाला काही शिकवायचं नाही. डिझेलचे भाव आणि जाळ्यात येणारी मासळी यांचा हिशेब तो माझ्यापेक्षा चांगला जाणतो.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आपण तट राखायचे म्हणतो, मनोरा राखायचा म्हणतो, तिथे पाट्या लावा म्हणतो. लावाव्यातच. पण चौल हे बंदर होतं याचा शेवटचा जिवंत पुरावा तो मनोरा नाही. कुठली खूण कुठल्या खुणेवर आली की वळायचं हे ज्यांना ठाऊक आहे अशी जी काही म्हातारी माणसं या खाडीच्या दोन्ही काठांवर उरलीत, ती हा पुरावा आहेत. मसूदीला घेऊन आलेल्या जहाजाला असाच कोणीतरी माणूस आत घेऊन आला असणार. निकितिनच्या घोड्यालाही. तेव्हापासून ते ज्ञान एका हंगामातून दुसऱ्या हंगामात, मामाकडून भाच्याकडे, न लिहिता आलंय. नाखवांनी त्या तीन तासांत पाण्याखालच्या खडकांची, वाऱ्यांची, लाटांची मिळून वीसेक नावं तरी सहज घेतली. त्यातली बहुतेक मी कुठल्याच नकाशात पाहिलेली नाहीत.

ही नावं लिहून घेणं अवघड नाही. त्याला अनुदान लागत नाही, उत्खननाचा परवाना लागत नाही. गावातल्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी एका सुट्टीत आपापल्या आजोबांकडे वही घेऊन बसायचं, एवढंच. कोणी मास्तर हे वाचत असतील तर बघा जमतंय का. आम्ही तिघांनी आमच्यापुरती सुरुवात केलीय. पुढच्या पौर्णिमेनंतर नाखवांच्या पहिल्या फेरीला परत जायचं ठरलंय, या वेळी वही आणि होकायंत्र घेऊन.

आणि तुम्ही चौलला जाल तेव्हा, शक्य असेल तर एकदा पाण्यावरून जा. मुंबईहून २०२४ पासून अटल सेतूनं अलिबाग आणखी जवळ आलंय, गाडी काढली की दुपारच्या जेवणाला तिथे. पण ते गाव ज्या बाजूनं जगानं पाहिलं, ती बाजू रस्त्याला पाठमोरी आहे.